धारक, चालक आणि सहावी घंटा

पार्किंगच्या नोटिशीला कसं परतवून लावायचं हे अख्ख्या लिंकनशायरात एकाच माणसाला नीट कळतं, आणि तो माणूस आत्ता तुमच्याशी बोलतोय! हसू नका. कौंटी कौन्सिलच्या रस्ते खात्यात चाळीस वर्षं मी पाट्या ठोकल्यात. 'येथे वाहन उभे करू नये' या पाटीखाली वाहन उभं करून निवांत डबा खाल्लेला माणूस आहे मी!

तर ऐका. दुकानांच्या आवारात कॅमेरे लावून बसलेल्या या ज्या खाजगी कंपन्या असतात, त्यांना दिसते फक्त नंबरप्लेट. त्या नंबरावरून त्यांना सापडतो धारक, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. पण गाडी जास्त वेळ उभी कुणी केली? चालकानं! आता चालकाऐवजी धारकाला धरायचं असेल, तर चौदा दिवसांच्या आत त्याच्या दारात पत्र पडायला हवं. पंधराव्या दिवशी पडलं की धारक मोकळा! मग बसा म्हणावं चालकाला शोधत. आणि चालक कोण होता, हे सांगायला धारक बांधील नाही. हे एक वाक्य पाठ करून ठेवा, बाकी सगळी बडबड आहे.

हे ज्ञान मी फुकट वाटतो. मला स्वतःला ते कितीला पडलं, ते शेवटी सांगतो.

आमच्या एल्सबी गावच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. सहावी सगळ्यांत मोठी, आणि ती वाजवायची माझी बायको ग्लेनिस. तिच्या आधी तिचे वडील वाजवायचे. बारा वर्षांच्या ग्लेनिसच्या हातात त्यांनीच दोर दिला होता. पण दोन वर्षांपूर्वी घंटेची लाकडी चौकट कुजली आणि सहावी गप्प झाली. सहावीशिवाय उरलेल्या पाच म्हणजे मीठ विसरलेली भाजी! रविवारी सकाळी त्या पाच वाजायला लागल्या की ग्लेनिस स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहायची, आणि तिचे हात आपोआप हवेतच दोर ओढायचे. मी चहाचा कप घेऊन मागं उभा असायचो.

मग तिनंच युक्ती काढली. आम्ही दोघांनी बारा आठवडे खाणं कमी करायचं, आणि आमच्या वजनाचा एकेक पौंड उतरला की गावातल्या प्रत्येकानं ठरलेली रक्कम घंटेला द्यायची. मला विचारलं का? छे! पाद्रीणबाईंनी चर्चमध्ये जाहीर केलं तेव्हा मला कळलं. सगळे वळून माझ्या पोटाकडे बघायला लागले, आणि कुणीतरी म्हणालं, "हे जर निम्मं उतरलं तर नवा मनोरासुद्धा बांधून होईल!"

गावातला सगळ्यांत पैसेवाला माणूस म्हणजे म्हातारा अ‍ॅम्ब्रोज टिपलेडी. बटाट्याची शेती, तीनशे एकर. पावसातसुद्धा छत्री अर्धीच उघडणारा माणूस! तो उठला आणि म्हणाला, "गाव जेवढं जमवेल तेवढेच मी वर घालीन. पण उपाशी राहायचं ते खरं राहायचं. लबाडी दिसली, तर माझ्याकडून एक पेनी मिळणार नाही."

ग्लेनिस म्हणाली, "क्लिफ आणि मी शब्द देतो."

माझा शब्दसुद्धा तिनंच दिला!

सुरू झाला आमचा वनवास. सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी सेलरीच्या कच्च्या काड्या. सेलरी चावताना आपण तिला खातोय की ती आपल्याला, हेच कळत नाही! वजन फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी करायचं ठरलं, कारण काटा टिपलेडीचा आणि मधल्या दिवसांत तो बटाट्यांना लागायचा.

आणि मग आला तो गुरुवार. आता तुमच्यापासून काय लपवायचं? मोठ्या रस्त्यावर कॉलिनची नर्सरी आहे. झाडं, कुंड्या, खतं, आणि मागं स्कोन नावाचे गोड पाव विकणारं छोटंसं कॅफे. तिथला सॉसेज रोल! वरचा पापुद्रा दाताखाली आला की असा आवाज होतो, की डोळे आपोआप मिटतात. ग्लेनिस दुपारी मनोऱ्यात गेली होती. मी 'लायब्ररीत जाऊन येतो' अशी चिठ्ठी लिहिली, गाडी काढली, साडेतीनला नर्सरीत शिरलो आणि पाऊण तासाच्या आत घरी परत! गाडीतले कणसुद्धा झाडून काढले. फक्त एकदा हं! आयुष्यात एकदा.

एकोणीस दिवसांनी सकाळी दाराच्या फटीतून एक पाकीट आत पडलं. ग्लेनिसनं ते उचलून आणलं.

"कुणाचं रे?"

मी फोडलं आणि माझं धाबं दणाणलं. आमची गाडी, आमचा नंबर, नर्सरीचं आवार, तोच गुरुवार! दीड तास फुकट, त्यापुढे दंड, आणि दंड शंभर पौंड!

"पार्किंगवाल्यांचं," मी म्हणालो. आवाज जरा चिरका निघाला. "हे बघ ग्लेनिस, कायदा असा आहे, की चालक कोण होता हे आपण बोलायचंच नाही. कंपनीशी नाही, शेजाऱ्यांशी नाही, आपसांतसुद्धा नाही! भिंतींना कान असतात. तू मला विचारू नकोस, मी तुला विचारत नाही."

वाटलं होतं, ही आता सरळ विचारणार, 'तू तिथं काय करत होतास?' पण बाई चटकन म्हणाली, "अगदी बरोबर आहे तुझं! कुणी कुणाला विचारायचं नाही!" आणि टोस्ट जळत नसताना टोस्ट बघायला उठून गेली.

मी खूश झालो. कसली गुणी बायको! मग पत्र पुन्हा वाचलं. आवारात प्रवेश, सकाळी दहा वाजून चार मिनिटं. बाहेर, दुपारी तीन सत्तेचाळीस.

तीन सत्तेचाळीस ठीक आहे. तो मीच. पण दहा चार? दहा वाजता मी परसात बटाटे खणत होतो! आणि गाडी घरापुढं होती. म्हणजे असेल असं मला वाटत होतं. मी दुपारी नेली तेव्हा ती घरीच होती, म्हणजे मधे परत आली होती. कॅमेऱ्यानं सकाळचं आत येणं आणि दुपारचं बाहेर जाणं एकमेकांना जोडून टाकलं होतं. आत जाणं एकाचं, बाहेर पडणं दुसऱ्याचं! आणि ग्लेनिस त्या सकाळी कुठं होती? तेव्हाही मनोऱ्यातच, दोर तपासायला. निदान सांगून तरी तसंच गेली होती!

आता बघा माझी पंचाईत. एक ओळ लिहिली असती, 'ही एक भेट नव्हे, दोन भेटी आहेत, दोन्ही छोट्या', तर कंपनीचं प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण मग दुसऱ्या भेटीत कोण होतं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा! विचारायचं नाही हा नियम कुणी केला? मी! नियम मोडला तर आधी कोण उघडा पडणार? मीच!

त्या दिवसापासून मी एका जागी बसलो असेन तर शपथ. गाडी तीनदा धुतली. सीट किती पुढं सरकलेली आहे ते टेप लावून मोजलं. पायापाशी काही पुरावा सापडतो का ते भिंग घेऊन बघितलं, तेव्हा आठवलं, की कण काढायच्या नादात मी सगळा पुरावा स्वतःच साफ केला होता. रोज चहाला बसलो की घशापर्यंत प्रश्न यायचा.

"त्या गुरुवारी दोर कसे होते गं?" मी एकदा सहज विचारलं.

"कसले दोर?"

"मनोऱ्यातले."

"दोरासारखे," ग्लेनिस म्हणाली. "आणि लायब्ररी कशी होती?"

"पुस्तकं होती."

"अरे वा."

आणि आम्ही दोघं आपापल्या सेलरीकडं बघत बसलो.

मग माझ्या डोक्यात कॉलिन शिरला. हा नर्सरीवाला कॉलिन पाचवी घंटा वाजवतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. एकसष्टाव्या वर्षीसुद्धा डोक्यावर पुरते केस! आमच्याकडं येतो तो खताची पिशवी घेऊन, आणि म्हणतो, "ग्लेन, तुझ्या गुलाबांसाठी आणलंय." ग्लेन! चौतीस वर्षांत मी कधी तिला ग्लेन म्हटलं नाही! मी आरशापुढं उभा राहून म्हणून बघितलं. नाही जमलं.

इकडं गावात माझी कीर्ती पसरली. म्हणजे मीच पसरवली. खाई त्याला खवखवे, पण बोललो नाही तर लोकांना संशय येईल असं मला वाटायचं, म्हणून मी पबमध्ये उभा राहून धारक-चालक यांवर व्याख्यानं द्यायला लागलो. लोक आपापल्या नोटिसा घेऊन घरी यायला लागले. "मग गाडी चालवत कोण होतं क्लिफ?" असं कुणी विचारलं, की मी बोट वर करायचो, "चालक!" हळूहळू चालक गावचाच माणूस झाला. दूधवाला विचारायचा, "चालक बरा आहे ना?" आणि आमच्या पाद्रीणबाई फिलिपा! देवभोळी बाई, थट्टा कळत नाही. रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांची नावं घेऊन झाल्यावर हात जोडून म्हणाल्या, "आणि आपल्यातल्या त्या चालकासाठी, ज्याचं नाव फक्त देवाला ठाऊक आहे."

मी डोळे मिटले. शेजारी ग्लेनिसनंही मिटले, आणि माझ्यापेक्षा घट्ट!

कंपनीनं माझं पहिलं पत्र फेटाळलं. मग मी त्यांच्या वरच्या, निवाडा करणाऱ्या तिऱ्हाइताकडं गेलो. माझा कॉम्प्युटर नेमका बंद पडलेला, म्हणून चर्चच्या कचेरीत बसून अर्ज भरला आणि उत्तरासाठी कचेरीचाच ईमेल दिला. मुद्दा एकच ठेवला. पत्र एकोणिसाव्या दिवशी आलं, सबब धारक जबाबदार नाही, चालकाचं नाव सांगायला धारक बांधील नाही. दोन भेटींचं अक्षर काढलं नाही. वर टीप लिहिली की कंपनीनं आपले सगळे पुरावे सादर करावेत! कशाला लिहिली? रुबाब म्हणून! माझ्या हाताला तेव्हाच लकवा का मारला नाही, देव जाणे.

बाराव्या आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाला गावच्या हॉलमध्ये सगळे जमले. मधोमध टिपलेडीचा काटा, बाजूला चहाची किटली, भिंतीवर मोठा फलक. त्यावर पाद्रीणबाईंनी घंटेचं चित्र काढून खाली आमच्या दोघांची नावं रंगवलेली. ग्लेनिसनं वडिलांची जुनी लाल लोकरी टोपी घातली होती.

"क्लिफ," ती हळूच म्हणाली, "एवढी एक संध्याकाळ नीट पार पडू दे रे!"

तेवढ्यात पाद्रीणबाई टाळ्या वाजवत पुढं आल्या. "आधी एक आनंदाची बातमी! क्लिफ जिंकला! आजच निकाल आला!"

हॉल दणाणून गेला! मी दोन्ही हात वर केले. मी वाकून नमस्कारसुद्धा केला.

"आणि कंपनीनं पाठवलेले सगळे पुरावेही आलेत," बाई म्हणाल्या. "मी वाचले नाहीत हं, नुसते छापले. गावाला शिकायला मिळावं म्हणून फलकावर लावलेत."

माझे हात वरच राहिले.

लोक फलकापाशी गोळा झाले. टिपलेडीनं खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"दहा चार, आत. दहा बावीस, बाहेर. तीन एकतीस, आत. तीन सत्तेचाळीस, बाहेर." त्यानं चष्म्यावरून बघितलं. "चार फोटो आहेत. कंपनीनं आपलंच म्हणणं आपल्याच फोटोंनी खोटं पाडलंय, गाढव कुठले! पण हे तिसऱ्या आठवड्यातले आहेत. उपास चालू असतानाचे."

दहा बावीसच्या फोटोत स्टिअरिंगमागं तीच लाल लोकरी टोपी दिसत होती आणि टोपीखाली फुगलेला गाल. तीन सत्तेचाळीसच्या फोटोत माझा चेहरा इतका स्पष्ट आला होता की पासपोर्टला चालला असता, फक्त तोंडातून अर्धा सॉसेज रोल बाहेर आलेला!

"म्हणजे शब्द मोडला," टिपलेडी म्हणाला. "मग माझाही..."

मी ग्लेनिसकडं बघितलं. ती फलकाकडं बघत नव्हती. घंटेच्या चित्राकडं बघत होती, आणि तिचे हात पुन्हा तसेच हवेत, दोर धरल्यासारखे मिटले होते. त्यापुढं कसला कायदा आणि कसलं काय!

"थांबा!" मी ओरडलो. "चालक मी होतो! दोन्ही वेळा मीच! ग्लेनिसचा काही संबंध नाही! तिच्या वजनाचे पैसे घंटेला द्या!"

"अजिबात नाही!" ग्लेनिस माझ्याहून मोठ्यानं ओरडली. "दोन्ही वेळा मीच होते! तो लायब्ररीत होता!"

"फोटोत मी आहे ना गं!"

"असलास म्हणून काय झालं?"

"दहा वाजता मीच तिची टोपी घालून गेलो होतो!"

"क्लिफ," मागून कॉलिन म्हणाला, "कशाला उगाच? तुम्ही दोघं तर दर गुरुवारी येता. ग्लेन दहाला स्कोन खायला, आणि तू साडेतीनला. मला वाटलं तुम्ही ठरवूनच वेगवेगळे येता, म्हणजे रांगेत गर्दी नको."

दर गुरुवारी! हॉलमध्ये एकच हशा पिकला. बरं बाबा, दर गुरुवारी. मंडळी, मघाशी मी 'एकदा' म्हणालो, ते त्या गुरुवारापुरतं म्हणालो होतो.

ग्लेनिस मटकन खुर्चीत बसली. "मला घंटाही हवी होती," ती म्हणाली, "आणि क्रीम लावलेला स्कोनही हवा होता." आणि तिला रडू फुटलं. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. इतके आठवडे मी कॉलिनच्या केसांवर जळत होतो आणि बाई जात होती स्कोनसाठी! मला इतकं हलकं वाटलं की त्याच क्षणी काट्यावर चढायला हवं होतं.

टिपलेडी काट्यापाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "सत्त्याहत्तर वर्षांत माझ्यासमोर दुसऱ्याचा दंड स्वतःवर ओढून घेणारा माणूस मी बघितला नाही. आज एकदम दोन बघितले. चढा काट्यावर."

ग्लेनिस अकरा पौंडांनी उतरली होती. स्कोन खाऊनसुद्धा! मी चढलो. टिपलेडीनं वाकून आकडा बघितला, काटा हलवला, पुन्हा बघितला.

"हा दोन पौंडांनी वाढलाय."

"काटा बटाट्यांना सरावलेला आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच बरोबर दाखवतोय," टिपलेडी म्हणाला. "अकरातून दोन गेले, नऊ. नऊच्या हिशेबानं गाव देईल, तेवढेच मी घालीन. पण एका अटीवर. त्या कंपनीला द्यायचे वाचलेले शंभर पौंड चालकानं घंटेला द्यायचे. आत्ता."

"पण मी तर जिंकलोय!" मी म्हणालो. "निवाडा झालाय! अपील..."

"इथं अपील नाही," टिपलेडी म्हणाला. ग्लेनिसनं डोळे पुसत पर्स उघडली आणि माझं चेकबुक माझ्या हातात दिलं.

नाताळच्या आधीच्या रविवारी सहावी घंटा वाजली. खाली उभं राहून मी वर बघत होतो. दोर वर गेला, ग्लेनिसचे हात वर गेले, आणि पहिला टोला पडला तेव्हा तिचा चेहरा असा झाला की शंभर काय, मी दोनशे दिले असते. (हे तिला सांगू नका.)

मनोऱ्याखाली पितळी पाटी लावलीय. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पाट्या ठोकल्या, एकीवर तरी आपलं नाव येणार म्हणून मी सूट घालून गेलो होतो. पाटीवर कोरलंय, 'ही चौकट एल्सबीचे गावकरी, श्री. अ‍ॅम्ब्रोज टिपलेडी आणि एक चालक यांच्या देणगीतून उभी राहिली.'

"बाई!" मी पाद्रीणबाईंना गाठलं. "माझं नाव कुठं आहे?"

"पण क्लिफ," त्या भाबडेपणानं म्हणाल्या, "चालकाचं नाव कधीही सांगायचं नाही, असं तूच सांगितलं होतंस ना? मला वाटलं, तुला किती आवडेल!"

पितळ आहे. खोडता येत नाही.

नंतर हॉलमध्ये चहा होता. शेजारच्या गावचे एक पाहुणे कप घेऊन माझ्याजवळ आले. "ती पाटी वाचली. हा चालक कोण हो? गुप्तदान म्हणजे खरा मोठा माणूस!"

सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ग्लेनिस पलीकडून बघत होती. मी छाती पुढं काढली. "ते सांगायला," मी म्हणालो, "धारक बांधील नाही."

पाहुण्यांनी माझ्या मागच्या फलकाकडं बघितलं. बाईंनी ते फोटो अजून उतरवलेले नाहीत. मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, माझ्या हातातल्या अर्ध्या सॉसेज रोलकडं बघितलं, आणि म्हणाले, "बरं, नका सांगू."